कानातला आवाज आणि गोळ्यांचा खर्च

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय 58. हर्णै बंदरात सहा सिलिंडरच्या बोटीवर इंजिन सांभाळण्यातच आयुष्य गेलं. आठ महिने झाले, दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात. झोप लागत नाही. पाऊस कोसळत असला की बरं वाटतं, थांबला की परत सुरू. चक्कर येत नाही, तरी बेटाहिस्टिनची गोळी चालू आहे, जोडीला जिंकोच्या कॅप्सूल. भाचा म्हणतो, मुंबईला जाऊन एमआरआय करू. एका ठिकाणी सांगितलं, ‘सवय करून घ्या.’ आता काय करू? बोटीवर जाऊ की नको?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ‘सवय करून घ्या’ एवढंच बोलून माणसाला घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही. सवय होते, पण ती व्हायला मदत लागते, आणि ती मदत करणं हे आमचं काम आहे.

आधी गोळ्यांचं. बेटाहिस्टिन ही चक्करेची गोळी. नुसत्या कानातल्या आवाजासाठी ती देऊ नका, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. त्याआधी 2018 मध्ये कॉक्रेन या, जगभरच्या औषधचाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी या गोळीवरच्या चाचण्या शोधल्या. मिळाल्या पाच, त्यांत रुग्ण सगळे मिळून तीनशेच्या आसपास. औषधाची गोळी घेणारे आणि तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), जस्त, मेलाटोनिन (झोपेसाठी घेतात ते) यांची शिफारस करू नये, हे अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्येच सांगितलं. तरी ‘शेजाऱ्याला गुण आला’ असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. हा आवाज आपणहून कमीजास्त होतो. माणूस औषध सुरू करतो ते त्रास टोकाला गेल्यावर. पुढे तो थोडा उतरणारच असतो, श्रेय मात्र गोळीला मिळतं. म्हणून तर चाचणीत काहींना बिनऔषधाची गोळी द्यावी लागते. तुमच्या या दोन्ही गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून त्या थांबवा. रक्तदाबाची वगैरे असेल तर तिला हात लावू नका.

एमआरआय सरसकट लागत नाही. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल, किंवा एका कानाने दुसऱ्यापेक्षा कमी ऐकू येत असेल, तर तपास वेगळा. आणि दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येणं गेलं, तर मासळीचा लिलाव उरकायचीही वाट बघू नका. 24 तासांत तज्ज्ञ गाठा.

तुम्हाला पहिल्यांदा हवी ती ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याची तपासणी. मळ असेल तर तो काढून मगच ती करायची. इंजिनाशेजारी वर्षं काढलेल्यांच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या आसपास खड्डा दिसतो. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी आवाजाने मरतात, परत येत नाहीत. तिकडून संदेश कमी झाले की मेंदू आपला आवाज वाढवतो, असं आजचं शास्त्र मानतं. म्हणूनच कौलांवर पाऊस वाजताना तुम्हाला बरं वाटतं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावा: बाहेरचे आवाज परत आले की आतला मागे पडतो. मुंबईला जायचंच असेल, तर वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या सरकारी संस्थेत जा. तिथे तपासणीही होते, यंत्रही बसवून मिळतं. रात्री खोली अगदी शांत ठेवू नका. पंखा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज हळू लावा. त्याचा पुरावा तुटपुंजा आहे, पण अपाय नाही, खर्चही नाही.

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या, त्रासाकडे बघण्याचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीला. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 28 चाचण्या आणि 2733 रुग्ण होते. आवाज बंद होतो असं त्यात निघालं नाही, पण त्याचा जाच कमी होतो असं निघालं. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे वेड लागलंय असं नाही, हे घरच्यांनाही सांगा. किनाऱ्यावर सीबीटी करणारे फार थोडे, म्हणून व्हिडिओ कॉलवर घ्यायलाही हरकत नाही. रात्री फारच जीव घाबरला, तर 14416 या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

बोटीवर जरूर जा. कापसाचे बोळे मात्र इंजिनापुढे निरुपयोगी. कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या आणि इंजिनाजवळ असाल तेवढा वेळच घाला. घरी ते चढवून बसलात तर शांततेत आवाज जास्तच जाणवेल. तुमच्या हाताखाली इंजिन शिकणारा पोरगा असेल, तर त्यालाही एक जोड आजच आणून द्या.