जेवण जड झालं की कातडी का हुळहुळते?

वाचकांचे प्रश्न : पोट आणि मज्जातंतू

प्रश्न : कधी जेवण तडस लागेपर्यंत झालं, की दोन-तीन तासांनी अंगात कणकण येते. मांड्या आणि पाठ ठणकते. कातडी इतकी हुळहुळी होते की बाहीची शिवण घासली तरी नको वाटतं. थर्मामीटर लावला तर ताप नसतो, अंगावर पुरळही नसतं. रात्री झोप झाली की सकाळी सगळं गेलेलं असतं. वर्षातून सात-आठ वेळा असं होतं. वय ३८, दुसरा कुठला आजार नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

उत्तर : मनाचे खेळ नक्कीच नाहीत. फ्लूच्या तापात कंगवा फिरवला तरी डोक्याची कातडी दुखते, चादर टोचते. तेव्हा त्वचेला काहीच झालेलं नसतं. शरीराची संरक्षक यंत्रणा सायटोकाइन नावाची रसायनं सोडते आणि त्यांच्यामुळे मज्जातंतू जास्तच संवेदनशील होतात. एरवी स्पर्श म्हणूनच पोचणारा निरोप मग मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेला लागतो. हलक्या स्पर्शानेही दुखणं, याला वैद्यकात अ‍ॅलोडायनिया म्हणतात.

तेलातुपाच्या भरपेट जेवणानंतर याच यंत्रणेला एक छोटा धक्का बसतो. रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीचाच एक प्रकार, जेवणानंतर साधारण ३ ते ४ तासांनी सर्वांत वर जातात. चरबीच्या कणांबरोबर आतड्यातल्या जिवाणूंच्या आवरणाचे सूक्ष्म अंशही थोड्या प्रमाणात रक्तात शिरतात आणि संरक्षक पेशी लगेच सावध होतात. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. पण संवेदना मुळातच तीव्र असेल, झोप अपुरी झाली असेल किंवा सर्दी-पडसं अंगात मुरत असेल, तर कणकण जाणवू शकते. तुमचा त्रास जेवता जेवता सुरू होत नाही, दोन-तीन तासांनी होतो, हे या कारणाशी जुळतं.

दुसरं कारण म्हणजे जठराला बसणारा ताण. जठराकडून येणारे आणि छाती-पोटाच्या कातडीकडून येणारे मज्जातंतू मज्जारज्जूत एकाच मजल्यावर येऊन मिळतात. आतला अवयव कुरकुरला की मेंदूला ती तक्रार कातडीची वाटू शकते. पोटातल्या आजारात कातडीचे ठरावीक पट्टे हुळहुळे होतात, हे इंग्लंडमधले मज्जासंस्थातज्ज्ञ हेन्री हेड यांनी १८९३ मध्ये बारकाईने नोंदवलं. म्हणून जेवणानंतर फक्त पोटाचा वरचा भाग आणि पाठीचा मधला पट्टा दुखत असेल, तर आधी जठराकडे पाहावं. सर्वांगाला होत असेल तर वर सांगितलेलं पहिलं कारण जास्त संभवतं.

पुढच्या वेळी त्रास सुरू असताना एक साधी तपासणी करा. कापसाच्या बोळ्याचं एक टोक ओढून सैल, मऊ करा आणि दंड, पोट, पाठ, मांडी या जागी दोन्ही बाजूंना हलकेच फिरवा. मग त्याच जागी अंगठ्याने दाबा. कापूस बोचतो पण दाब चालतो, तर वेदना कातडीच्या संवेदनेची आहे. कापसाचं काही नाही पण दाबलं की कळ येते, तर दुखणं स्नायूंचं आहे. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हेही बघून लिहून ठेवा. डॉक्टरांना ‘सगळं अंग दुखतं’ एवढंच सांगण्यापेक्षा या चार ओळींचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

त्रास सुरू झाल्यावर लगेच आडवं पडू नका. १० ते १५ मिनिटं संथ चाला. पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जठरातलं अन्नही पुढे सरकायला लागतं. धावणं, वजन उचलणं नको, कारण त्या वेळी रक्ताचा मोठा ओघ आतड्यांकडे असतो. पाणी घोट-घोट प्या. एकदम अर्धा लिटर प्यायलात तर आधीच ताणलेलं जठर आणखी ताणेल. सैल सुती कपडे घाला, कमरेचं इलॅस्टिक सैल करा. झोपायला किमान ३ तास जाऊ द्या आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवून डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे आम्ल घशाशी कमी येतं. उलटी मुद्दाम काढू नका.

हा त्रास टाळायचा असेल तर नुसतं ‘कमी जेवा’ म्हणून भागत नाही, कारण जड जेवणात चार-पाच गोष्टी एकदम वाढलेल्या असतात : आकारमान, चरबी, साखर, मीठ, कधी मद्य, शिवाय जागरण. एका वेळी एकच बदला. आधी चरबी निम्मी करून बघा, जेवणाचं प्रमाण तेच ठेवा. फरक पडला नाही तर पुढच्या वेळी चरबी नेहमीसारखी ठेवून प्रमाण कमी करा. आणि सावकाश जेवा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला सुमारे २० मिनिटं लागतात. घाईने जेवणाऱ्याचं तोवर जास्तीचं खाऊन झालेलं असतं.

प्रश्न : मलाही असंच होतं, पण महिन्यातून चार-पाच वेळा. हल्ली तळपायांची आग जेवणाशिवायही होते. कुठल्या तपासण्या करू?

उत्तर : तुमची गोष्ट वेगळी आहे आणि ती पुढे ढकलू नका. आग तळपायांपासून, दोन्हीकडे सारखी सुरू होते तेव्हा पहिला संशय साखरेवर घ्यावा. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा; १२६ किंवा ६.५ आणि त्यापुढे मधुमेह, मात्र लक्षणं ठळक नसतील तर दुसऱ्या तपासणीने त्याची खात्री करावी लागते. बारीक मज्जातंतूंची इजा उंबरठ्यावरही सुरू होऊ शकते. सोबत बी१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड बघा. ते ५०० च्या वर असतील तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढू लागतो आणि १००० च्या वर तो बराच असतो. साखर आणि ट्रायग्लिसराइडचे हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे आहेत.

आणखी एक. नर्व्ह कंडक्शन चाचणी (मज्जातंतूंतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणारी) नॉर्मल आली म्हणून ‘नसा ठीक आहेत’ असं समजू नका. ती चाचणी जाड तंतू मोजते. आग आणि हुळहुळ वाहून नेणारे बारीक तंतू तिच्यात दिसतच नाहीत. बी६ असलेली जीवनसत्त्वाची गोळी बरेच महिने घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. बी६ जास्त झालं तरी नसा बिघडतात.

प्रश्न : भरपेट जेवणानंतर अंग दुखलं की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर चालेल का?

उत्तर : नको. ही औषधं जठराच्या अस्तराला त्रास देतात आणि तुमचं जठर त्या वेळी आधीच तणावाखाली असतं. घ्यायचीच तर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन डोसांत किमान ६ तासांचं अंतर ठेवून. मद्य घेतलेलं असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही नाही. मुख्य म्हणजे वरच्या पोटातली कळ गोळीने दाबून टाकू नका. पित्ताशयाचं किंवा हृदयाचं दुखणं त्याआड लपतं आणि मोलाचे तास वाया जातात.

प्रश्न : तेलकट खाल्लं की बहिणीच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली दुखतं. तिथे ब्लाउजचा काठही सहन होत नाही. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे नॉर्मल सांगितला.

उत्तर : पित्ताशयाची सोनोग्राफी करा, ६ ते ८ तास उपाशी राहून. खाल्लेल्या चरबीमुळे पित्ताशय आकुंचन पावतं. आत खडा असेल तर तो तोंडाशी अडकतो आणि कळ उजव्या बरगडीखालून पात्याकडे जाते. पित्ताशयाला सूज आली की पात्याखालची कातडी हुळहुळी होऊ शकते, त्याला बोआसचं चिन्ह म्हणतात. कळ ५-६ तासांपेक्षा जास्त टिकली, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर थेट रुग्णालयात न्या.

हुळहुळ एकाच बाजूला, पट्ट्यासारखी आणि दिवसभर असेल, जेवणाशी संबंध नसेल, तर नागीण असू शकते. पुरळ उठण्याआधी काही दिवस नुसतीच आग होते. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं तर त्याचा खरा उपयोग.

छातीत दाब, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असेल तर गॅस समजून थांबायचं नाही. जड जेवणानंतर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

प्रश्न : माझी कातडी दुखते, शिवाय लाल होते आणि खाजते. मासे, मुरवलेलं चीज आणि वाइन एकत्र झालं की हमखास.

उत्तर : हे बहुधा हिस्टामिन या लाली आणि खाज आणणाऱ्या रसायनाचं काम आहे. या तिन्हींत ते असू शकतं. आतड्यातलं एक एन्झाइम ते मोडतं, पण मद्य त्या एन्झाइमच्या आड येतं. म्हणून थोडं-थोडं वेगवेगळं चालतं आणि सगळं एकदम झालं की अंगावर येतं. मासा पकडल्यावर थंड ठेवलेला नसेल तर त्यात हिस्टामिन साठतं आणि शिजवूनही ते जात नाही. पंगतीतल्या सगळ्यांनाच तासाभरात लाली आली, तर दोष त्या माशाचा. एकट्याला गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला, तर ती अ‍ॅलर्जीची आणीबाणी समजा. मासे खाल्ल्यावर काही तासांनी गार पाणी हाताला चटका दिल्यासारखं लागत असेल, तर प्रवाळखडकांजवळच्या मोठ्या माशांतलं सिग्वाटेरा हे विष असू शकतं. डॉक्टरांना मासा कुठला होता ते आवर्जून सांगा.

प्रश्न : रात्री खूप गोड खाल्लं. पहाटे मांड्या दुखत होत्या आणि पाय उचलेनात. दुपारपर्यंत आपोआप ठीक झालं. वय २६.

उत्तर : दुखणं बाजूला ठेवा, ‘पाय उचलेनात’ हे महत्त्वाचं आहे. पिष्टमय आणि गोड जेवणाने इन्शुलिन वाढतं, ते पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतं. काही जणांत, विशेषतः थायरॉइड जास्त काम करत असलेल्या तरुण पुरुषांत, रक्तातलं पोटॅशियम इतकं घसरतं की स्नायू लुळे पडतात. जोर परत आला की पोटॅशियमही पूर्ववत होतं, म्हणून नंतर केलेली तपासणी नॉर्मल येऊ शकते. पुन्हा झालं तर लुळेपणा असतानाच रुग्णालयात जा, पोटॅशियम आणि ईसीजी तिथेच करून घ्या आणि रात्री काय, किती खाल्लं ते सांगा. अशक्तपणा समजून ग्लुकोजचं सलाइन लावायला निघाले तर थांबवा, त्याने पोटॅशियम आणखी उतरतं. पोटॅशियमच्या गोळ्या घरी स्वतःहून घेऊ नका. आणि टीएसएच, टी३, टी४ या आठवड्यातच करून घ्या, पुढच्या झटक्याची वाट न पाहता.