पश्चिम आफ्रिकेतल्या बायका धंद्यात उतरल्या त्या बचतगटांमुळे का?

नाही हो, बचतगट आणि मायक्रोफायनान्स फार नंतरचं. टोगोच्या लोमे शहरातल्या 'नाना बेन्झ' बघा. १९५०च्या दशकापासून डच छपाईच्या वॅक्स कापडाचा, म्हणजे मेण वापरून छापलेल्या रंगीत सुती कापडाचा, ठोक व्यापार या बायकांच्या मुठीत होता. बऱ्याच जणींचं शिक्षण बेताचंच, पण एकेका डिझाइनचा मक्ता त्यांनी कंपन्यांकडून मिळवला होता. 'नाना' म्हणजे तिकडे आई किंवा आजी; आणि मर्सिडीज-बेन्झमधून फिरायच्या, म्हणून हे नाव. सरकारी पाहुणे आले की सरकार या बायकांच्याच गाड्या मागून घेई, असं सांगतात.

मला खरी गंमत वाटते ती कापडांच्या नावांची. बाजारातल्या बायकाच ती ठेवायच्या. पिंजऱ्यातून पाखरं उडताहेत, त्या कापडाचं नाव 'तू बाहेर गेलास तर मीही जाईन'! नवऱ्याला तोंडावर बोलायची सोय नसली की तेच नेसून त्याच्यासमोर वावरायचं.

घरसंसार सुटला नव्हताच. मुलांच्या परदेशी शिक्षणाचा खर्चही याच गल्ल्यातून व्हायचा. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाची किंमत निम्म्यावर आणली, बाहेरून येणारं कापड महागलं, पुढे स्वस्त चिनी नकला आल्या आणि बऱ्याच जणींचा धंदा बसला. नंतरच्या पिढीतल्या व्यापारी बायका, ज्यांना 'नानेत' म्हणतात, त्या थेट चीनला जाऊन माल आणू लागल्या.