भातानंतरच्या खाचरात वालासोबत बटाटा परवडेल का?

तुमची 20 गुंठे खाचरं, भात कापल्यावर पडून असतात, विहीर जानेवारी संपेपर्यंत साथ देते आणि वालात बटाटा मिसळून चार पैसे जास्त सुटतील का, असं विचारलंय. मी गुहागरकडचा, तीन हंगाम केलाय. लावा, पण दोन-तीन गुंठ्यांतच. आणि वालात नको!

वाल नुसत्या ओलीवर येतो. बटाट्याला आठवड्याला पाणी लागतं. दोन्ही एकाच खाचरात घातलेत तर वाल पाल्यालाच जाईल, शेंगा शोधाव्या लागतील. वाल वरच्या कोरड्या खाचरात, बटाटा विहिरीजवळ. त्याच्या वरंब्यांमध्ये कोथिंबीर नि मुळा टाका. महिन्याभरात दोन्ही उपटून होतात, तेव्हाच बटाट्याला मातीची भर द्यायची असते. माझा बेण्याचा बराचसा खर्च या भाजीनेच काढला. वांगी, मिरची, टोमॅटो मात्र जवळपास नकोत, मर रोग तिघांचा नि बटाट्याचा एकच.

खरी अडचण थंडीची. रात्री 20 अंशांच्या खाली गेल्या तर बटाटा नीट पोसतो, आणि तशा रात्री आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच, त्याही दर्यापासून आत गेलं की जास्त. म्हणून लावणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकायची. त्यासाठी त्या खाचरात हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भातच हवं. दुसऱ्या वर्षी मी गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात कापून डिसेंबरात बटाटा लावला. वर पाला बघत राहावा असा, खाली गोट्या. पहिल्या वर्षाचं तर सांगायलाच नको, ओल्या चिखलात कापलेलं बेणं घातलं, निम्मं कुजलं.

बेणं गुंठ्याला 20-25 किलो लागतं, सगळ्यात मोठा खर्च तोच. बाजारातला खायचा बटाटा लावू नका. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेची कुफरी सूर्या ही जात उष्णता बरी सोसते, मिळाली तर तीच बघा.

रानडुकरं येत असतील तर आधी कुंपण. एका रात्रीत नांगरून ठेवतात मेली.

विकताना मंचरहून येणाऱ्या ट्रकांशी भावात झुंजू नका. मी पातळ सालीचे ताजे बटाटे दोन खाणावळींना नि वाडीतच देतो. आणि तुमचं सगळं भात गरवंच असेल, तर यंदा बटाटा राहू दे, दापोली विद्यापीठाच्या कोकण अश्विनी रताळ्याचे वेल लावा.