कोल्हापुरातल्या छोट्या कारखान्याला क्लाउडचा खरंच उपयोग आहे का?

आहे, आणि हे मी पुराच्या अनुभवावरून सांगतोय. क्लाउड म्हणजे आपली माहिती इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्याने ठेवणं. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या ऑफिसात शिरलं. कॉम्प्युटर भिजला, त्यातली ड्रॉइंग्ज आणि बिलं गेली. यंत्रं दुरुस्त झाली. ड्रॉइंग्ज मात्र पुन्हा काढावी लागली; क्लाउडवर प्रत असती तर ती वाचली असती.

अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये सर्व्हर, म्हणजे माहिती साठवणारे आणि कामं चालवणारे कॉम्प्युटर, इंटरनेटवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून स्वतःचा सर्व्हर घ्यायची सक्ती उरली नाही; लाइट बिलासारखं, वापराल तेवढे पैसे. २०१६ पासून त्यांची डेटा सेंटर्स, म्हणजे असे सर्व्हर ठेवायच्या जागा, मुंबई भागातही आहेत. उद्यमनगरातल्या वर्कशॉपलाही मोठ्या कंपनीच्याच दर्जाची यंत्रणा मिळते, मला हे फार मोलाचं वाटतं.

पण भाडं दरमहा चालूच राहतं. डेटा बाहेर काढायलाही बहुधा पैसे पडतात, ते आधी विचारा. आणि एक प्रत हार्ड डिस्कवर, वरच्या मजल्यावर ठेवाच.