व्हेनम आणि पॉयझन: दोन्ही विषच, मग फरक कशाचा?

तुमचा प्रश्न असा, की मराठीत साप विषारी आणि अळंबीही विषारी, मग इंग्रजीत सापाला ‘व्हेनमस’ आणि अळंबीला ‘पॉयझनस’ का म्हणायचं? विष किती जहाल आहे याच्याशी या शब्दांचा संबंध नाही. ते अंगात कोणत्या वाटेने शिरतं, एवढंच बघायचं. प्राण्याने चावून, नांगी मारून किंवा काटा टोचून आत सोडलं तर ते व्हेनम. आपण खाल्लं, हुंगलं किंवा नुसता हात लावला आणि बाधलं, तर पॉयझन.

माझं आवडतं उदाहरण टेट्रोडोटॉक्सिनचं. पफरफिशच्या यकृतात आणि अंडाशयात ते असतं, शिजवूनही जात नाही. तो मासा खाऊन कुणी दगावलं तर कारण पॉयझन. नेमकं हेच रसायन ब्ल्यू-रिंग्ड ऑक्टोपसच्या लाळेत असतं आणि तो चावला की त्यालाच व्हेनम म्हणतात. पदार्थ तोच, वाट बदलली.

सापाचं विष मुख्यतः प्रथिनांचं असतं. ते पोटात गेलं तर सहसा पचून जातं, पण तोंडात किंवा जठरात व्रण असला तर थेट रक्तात मिसळू शकतं, तेव्हा प्रयोग करायला कुणी जाऊ नये! बहुतेक विषारी साप त्यामुळे व्हेनमस असतात, पॉयझनस नाहीत. जपानातला टायगर कीलबॅक मात्र दोन्ही आहे. चावतो तेव्हा दातांतून विष सोडतोच, शिवाय विषारी भेक खाऊन त्यांचं विष स्वतःच्या मानेवरच्या ग्रंथींत साठवून ठेवतो.

लक्षात ठेवायला एक आधार: ‘पॉयझन’ आलाय लॅटिनमधल्या ‘पोटिओ’वरून, म्हणजे पेय. ‘पोशन’ हा त्याचाच भाऊ.

रोजच्या इंग्रजीत ‘पॉयझनस स्नेक’ सर्रास चालतं, शब्दकोशही ते मान्य करतात, त्यामुळे गप्पांमध्ये मी कुणाला टोकत नाही. जीवशास्त्राच्या पेपरात मात्र ‘व्हेनमस’च लिहा. क्रियापद वापरतानाही जपा: ‘ही वॉज पॉयझन्ड’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात साप येत नाही, कुणीतरी जेवणात काहीतरी कालवलं असं येतं. उताऱ्याचंही तसंच. सर्पदंशावर देतात ते अँटिव्हेनम. पॉयझनवरच्या उताऱ्याला म्हणायचं अँटिडोट.