चांगल्या मॅडम पुरत नाहीत

पोरी,

तुझं पत्र रात्री पुन्हा काढून वाचलं. उलट्यांबद्दल त्यात दोन ओळी आहेत आणि समुपदेशक मॅडमचं मन दुखावेल का, यावर दीड पान. तू कुठे अडकली आहेस ते तेवढ्यावरूनच कळलं. मॅडम प्रेमाने बोलतात, फी कमी घेतात, बाबांच्या नापिकीचीही चौकशी करतात. त्यांना सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे उपकार विसरणं, असं तुला वाटतं. आणि इतके महिने प्राणायाम, रोजनिशी, सकारात्मक विचार सगळं करूनही जेवणानंतरचा प्रकार तसाच चालू आहे, हे त्यांनाच सांगायची चोरी!

त्या भल्या आहेत, मान्य. पण तुला हा आजार हाताळलेला माणूस हवा. भलेपणा त्याच्या नंतर.

मॅडमचा दोष नाही. परीक्षेची भीती, नवरा-बायकोची भांडणं, दारू, कर्जापायी खचलेली माणसं, हे त्यांचं रोजचं काम. तुझ्या आजाराला बुलिमिया म्हणतात: भरमसाट खायचं आणि मग मुद्दाम उलटी करून काढायचं. त्याला हे नाव मिळालं तेच १९७९ मध्ये, लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांच्याकडून. आपल्या गावात अजून त्याला पित्तच म्हणतात. शिवाय आपल्याकडे उपासाचा आडोसा आहे. सोमवार, चतुर्थी, हरतालिका, अख्खा श्रावण. न जेवणाऱ्या पोरीला आजारी कोण म्हणतं? भाविक म्हणतात. तू लिहिलंस की महालक्ष्म्यांच्या पंगतीत काकूने आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढली आणि आंबिलाची वाटी समोर असताना तुला मोरीशिवाय दुसरं काही सुचेना. हे मॅडमसमोर बोललीस? नाही. त्यांनीही विचारलं नाही. हा आजार ज्याला माहीत आहे तो सुरुवातीलाच विचारतो: काल सकाळपासून काय खाल्लं, किती वाजता, कुणासोबत, आणि त्यानंतर काय झालं.

माझे पुढचे दात तू पाहिले आहेस. कडा झिजून पातळ झाल्यात. पोटातलं आम्ल दातांवरचं आवरण खाऊन टाकतं आणि ते परत येत नाही. दातांच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि लिंबू-चिंच कमी करायला सांगितलं. पुढे एका समुपदेशकांनी इच्छाशक्ती वाढव म्हटलं, दुसऱ्यांनी वजन थोडं उतरलं म्हणून शाबासकी दिली. सगळी चांगलीच माणसं. माझी विशीतली वर्षं त्या चांगल्या माणसांसमोर बसून गेली. त्या वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, आणि तू त्याच वाटेला लागलेली दिसतेस, म्हणून जरा कडक लिहिते आहे.

नव्या माणसाकडे जाशील तेव्हा आधी तू विचारायचं. तुम्ही आहारविकाराचे, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या अशा मानसिक आजारांचे, रुग्ण पाहिले आहेत का? कोणत्या पद्धतीने उपचार करता? बुलिमियासाठी सगळ्यात जास्त अभ्यास झालेली पद्धत म्हणजे सीबीटी, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा बोलण्यातून केलेला उपचार, आणि तिचंच याच आजारांसाठी घडवलेलं रूप सीबीटी-ई. वजन फार घटलेलं नसेल तर साधारण २० आठवड्यांत २० भेटी असा तिचा आराखडा असतो. त्यात आधी खाण्याची वही लिहायची, मग वेळ बांधून खायचं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा काहीतरी, आणि चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. दिवसभर उपाशी राहिल्यामुळेच रात्री डब्यातला चिवडा, लाडू, शिळी पोळी, हाताला लागेल ते सगळं खाल्लं जातं, हे त्या वहीतून तुझं तुलाच दिसायला लागतं. तुझ्या मॅडम तुला एकादशी धरायला सांगतात मन शांत व्हावं म्हणून. पोरी, मन शांत होत असेल त्यांचं! तुझं रात्रीचं काय?

मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यातला फरक लक्षात ठेव. पहिले औषध देतात, दुसरे देत नाहीत, आणि दुसऱ्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नकोस; बियाण्याची पिशवी घेताना बाबा पावती मागतातच की. औषधाचंही तसंच. फ्लुओक्सेटिन बुलिमियात उपयोगी पडतं. उलट नैराश्यावरचं बुप्रोपिऑन बुलिमियात द्यायचं नसतं, त्याने फिट येऊ शकते. तू उलट्यांची गोष्ट लपवलीस आणि नुसतं उदास वाटतं म्हणालीस, तर डॉक्टरांनी काय ओळखावं? म्हणून म्हणते, हा आजार हाताळलेला माणूस शोध आणि त्याच्यापासून काही लपवू नकोस.

कुठे शोधायचा? आहारविकारांचं वेगळं केंद्र शोधत थांबू नकोस. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. सेवाग्रामला, नागपूरच्या मेडिकलला मानसोपचार विभाग आहेत. कोणत्या दिवशी कोण बसतं ते आधी फोन करून विचार, नाहीतर एसटीचं भाडं आणि कॉलेजचा दिवस दोन्ही वाया. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. जवळ कोण आहे, हे तिथेही विचार. डॉक्टर जिल्ह्यातले आणि सायकॉलॉजिस्ट नागपूर-पुण्याचे, व्हिडिओ कॉलवर, असंही चालतं. घरात बोलता येत नसेल तर वावरात जा, तिकडे रेंजही बरी असते आणि कान लावून बसायला कोणी नसतं.

घरी कळेल याची तुला धास्ती आहे. तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क तुला आहे. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तरी मी म्हणेन, आईला सांग. कधी आणि किती, ते उपचार करणाऱ्यासोबत ठरव.

लोक बोलतील. मला बोलले. 'हिला कोणताच डॉक्टर पटत नाही, शहाणी समजते स्वतःला.' सासरी, माहेरी, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे ऐकलं. नाही पटला म्हणून उठून आले, आणि पुन्हा उठून आले असते. ज्यांनी शेवटी मला बरं केलं त्या बाई मुळीच गोड नव्हत्या. वही कोरी दिसली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण मी काय लपवते आहे हे त्यांना मी तोंड उघडण्याआधी ठाऊक असायचं. मला कोणी हट्टी म्हटलं तर म्हणू दे. त्या हट्टापायीच आज चारचौघांत बसून जेवते आणि ताटावरून उठून मोरीकडे जात नाही.

मॅडमना इतकंच सांग: 'मला या आजारातल्या तज्ज्ञाकडे जायचं आहे, कुणाला ओळखत असाल तर चिठ्ठी द्या.' त्या खरंच भल्या असतील तर देतील. एवढ्यासाठी दीड पान नको होतं.

आणि हे सगळं जमेल तेव्हा जमेल, पण रक्त याच आठवड्यात तपासून घे. सारखी उलटी करणाऱ्याचं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. डॉक्टरांना कारण खरं सांगून इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातल्या पोटॅशियमसारख्या क्षारांची तपासणी) आणि ईसीजी करून माग. छातीत धडधडलं, चक्कर येऊन पडलीस किंवा उलटीत रक्त दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नकोस, सरळ दवाखाना गाठ. रिपोर्ट हातात आला की लगेच फोटो पाठव, मी फोन जवळच ठेवते आहे.

तुझी,
मावशी