हौस म्हणून टेनिस खेळणाऱ्याने रॅकेटला भाजीचं रबर, भडक रंगाचं गटिंग असले प्रकार करावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं जांभळं गटिंग (रॅकेटच्या तारा) आणि तारांची थरथर कमी करणाऱ्या डॅम्पनरच्या जागी लावलेलं रबर बघून सोबतचे हसतात, तर आता चारचौघांसारखी रॅकेट करून घ्यावी का. अजिबात नको! मी पुण्यात गेली अकरा वर्षं पहाटे डबल्स खेळते आणि माझ्या रॅकेटलाही रबरच आहे, मेथीच्या जुडीचं.

रबर जाडसर बघून घ्यायचं. सगळ्यात खालच्या आडव्या तारेच्याही खाली, मधल्या दोन उभ्या तारांना पीळ देऊन ते घट्ट बांधायचं. 'टण्ण' जाऊन 'थप' असा आवाज येतो. मला तोच आवडतो, बॉल मधोमध बसला की नाही हे मला त्यावरूनच कळतं. प्रसिद्ध टेनिसपटू आंद्रे अगासीसुद्धा साधं रबरच लावायचा. फक्त ते आडव्या-उभ्या तारांच्या जाळीबाहेर हवं, तसा नियम आहे. आणि त्याने कोपराचं दुखणं थांबेल असं मात्र समजू नका. रबर तारांची थरथर थांबवतं, फ्रेमची नाही. कोपर दुखत असेल तर पॉलिएस्टरच्या कडक तारा काढून मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांच्या तारा) घाला, तारांचा ताण चार-पाच पौंड उतरवा. रंग जांभळाच ठेवा.

आमच्यात सत्तरी ओलांडलेले एक काका अजून लाकडी रॅकेटने खेळतात. खेळ संपला की आधी फडक्याने ती पुसतात, मग चार पेचांच्या लाकडी प्रेसमध्ये ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पेच थोडे थोडे आवळत जातात. दमट हवेत लाकूड पिळवटतं, म्हणून ही काळजी. त्या रॅकेटचं तोंड जेमतेम 65 चौरस इंच, आपलं शंभराच्या आसपास. पण त्यांचा स्लाइस बॅकहँड असा सरपटत येतो की गुडघे वाकवल्याशिवाय उचलताच येत नाही. त्यांच्या हाताला ती रॅकेट कळते, अजून काय हवं?

नियम आडवा येतो तो बॉलवर भलताच परिणाम व्हायला लागला की. 1977 मध्ये रुमानियाचा इली नस्तासे 'स्पॅगेटी' गटिंगची (उभ्या तारांचे दोन थर असलेली) रॅकेट घेऊन अर्जेंटिनाच्या गिलेर्मो विलासविरुद्ध उतरला. बॉल इतका फिरायला लागला की विलासने सामना अर्धवट सोडला आणि क्ले कोर्टवरची त्याची सलग विजयांची मालिका तिथेच तुटली. पुढे त्या गटिंगवर बंदी आली. याउलट ब्रायन बॅटिस्टोन हा अमेरिकन खेळाडू दोन मुठींची रॅकेट घेऊन व्यावसायिक स्पर्धा खेळला, ती नियमात बसत होती. तुमचा जांभळा रंग तर कुठल्याच नियमात अडकत नाही.

कपड्यांचं मात्र क्लबात विचारून घ्या, काही ठिकाणी पांढऱ्याचाच आग्रह असतो.

आणि हो, उन्हाळ्यात रबर वाळून मॅचच्या मधेच तुटतं. किटच्या खिशात चार-पाच जास्तीची ठेवा.